बंदूक दिली, पण बार काढायचा नाही!



शेतकऱ्याच्या हाती बंदूक द्यायला सरकार तयार आहे, असे कोणी सांगितले तर विश्वास बसणार नाही. पण 1959 च्या शस्त्र कायद्याचे 13 वे कलम काढून बघा. पिकाच्या राखणीसाठी खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्यात लिहिले आहे. कोकणातल्या कितीतरी गावांत अशा बंदुका आहेत.

ही बंदूक म्हणजे काय? नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचे आणि एक बार काढायचा. दुसरा भरेपर्यंत कळप शेजारच्या शिवारात पोचलेला असतो. पावसात दारू सर्दावली तर पहिलाही बार निघत नाही.

बरे, बार काढायचा कोणावर? 1972 च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. ते माणसाच्या जिवावर उठले किंवा बरे न होण्याइतके जखमी, आजारी असले तरच मारायची परवानगी मिळू शकते. उभे पीक फस्त केले, हे कारण चालत नाही. शेतकऱ्याने मारले तर 3 ते 7 वर्षे तुरुंग. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी अर्ज करता येतो; पण कागद फिरेपर्यंत कोवळा हरभरा थांबतो काय? म्हणजे एका कायद्याने बंदूक द्यायची आणि दुसऱ्याने हात बांधायचे!

अमेरिकेत पाहा. पेनसिल्व्हेनिया राज्यात 1974 पासून चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीने हरीण मारण्याचा खास हंगाम असतो. तिथला शिकारी हौसेने जुनी बंदूक घेतो आणि परवान्याचे पैसे भरतो. 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर तिकडे वन्यजीवांच्या कामाला जातो. हौस ज्याची, पैसा त्याचा. आपल्याकडे हौस इंडियाची आणि चारा भारताच्या शेतातला!

त्यावर कडी म्हणजे निवडणूक. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, मतदान 20 नोव्हेंबरला झाले. हेच दिवस भात कापणीचे. निवडणूक आली की राखणीच्या बंदुकाही ठाण्यात जमा करायला लावतात. डुकराला आणि सांबराला मात्र आचारसंहिता कोणी वाचून दाखवत नाही.

कोणी म्हणेल, शेतकरी संघटना शिकाऱ्यांची वकिली करते. मुळीच नाही. रात्री जीपमधून दिवे मारून मटणासाठी हरीण टिपणारा चोर आहे. त्याला खुशाल आत टाका. शेतकऱ्याला हरणाचे वैर नाही. माळावर चरणारा कळप पाहून त्याचेही डोळे निवतात. पण तोच कळप पेरणीवर उतरला की बियाणे, खत आणि कर्ज त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहते. महिना महिना माळ्यावर जागून काढलेल्या रात्रींची मजुरी कोणत्या हिशेबात धरतात?

हरीण देशाची संपत्ती असेल, तर तिच्या राखणीचा खर्चही देशाने करावा. आम्ही दया मागत नाही, हिशेब मागतो. जिल्हा मेळाव्यात पुढील मागण्यांचे ठराव करा :

1. पीक राखणीच्या बंदुका निवडणुकीत सरसकट जमा करून घेणे बंद करावे.

2. नुकसानीचा पंचनामा ठरल्या मुदतीत व्हावा आणि भरपाई बाजारभावाने मिळावी.

3. जिथे रोही-डुकरांचा उपद्रव आहे, तिथे परवानगीचा निर्णय गावातच व्हावा.

4. काळविटाला हात लावू द्यायचा नसेल, तर त्याच्या वाटेवरच्या शेतांना सरकारने स्वतःच्या खर्चाने कुंपण घालावे.

यातले काहीच जमणार नसेल, तर सरकारने एक रात्र आमच्या माळ्यावर यावे. बंदूक आम्ही देऊ. बार काढायचा की नाही, ते सरकारनेच ठरवावे.