उभे राहण्याचीही मात्रा असते

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या चिकित्सालयात एक रुग्णा आल्या. वय बेचाळीस, पुण्यात कोथरूड भागात वास्तव्य, संगणक क्षेत्रातील नोकरी, आणि आठवड्यातील चार दिवस घरूनच काम. त्यापूर्वी सहा महिने त्या कटिशूलासाठी आमच्याकडे उपचार घेत होत्या. अभ्यंग, कटिबस्ती व गुग्गुळकल्प यांनी उपशय मिळे. परंतु दोन-तीन आठवडे लोटले की पुन्हा तीच तक्रार. एके दिवशी, बाहेर रुग्णांची गर्दी असताना, आम्ही त्यांना सहज म्हणून गेलो, “अहो, इतका वेळ बसता कशाला? उभे राहून काम करता येईल असे काही तरी बघा ना!”

त्यांनी ते मनावर घेतले. नेहमीच्या टेबलावर ठेवावयाचे आणि कळ दाबताच संगणकासह वर उचलले जाणारे, विजेवर चालणारे ‘सिट-स्टँड कन्व्हर्टर’ त्यांनी विकत आणले आणि दुसऱ्याच दिवसापासून सहा-सहा तास उभ्याने काम सुरू केले. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा कंबर बरी होती. परंतु दोन्ही पोटऱ्यांत पिंडिकोद्वेष्टन, सायंकाळी घोट्यांवर सूज, टाचांत वेदना, आणि डाव्या पायावरील पूर्वी जेमतेम दिसणाऱ्या शिरा आता ठळक फुगलेल्या. त्यांच्या मातोश्रींनाही हाच शिरांचा विकार होता, हे आम्ही त्या दिवशी प्रथमच विचारून घेतले.

यात दोष उपकरणाचा नव्हता आणि रुग्णेचाही नव्हता. तो आमचा होता. आम्ही विहार सुचविला, पण त्याची मात्रा सांगितली नाही, काल सांगितला नाही, रुग्णपरीक्षाही केली नाही. एखादे भस्म आम्ही असे ‘सहज’ कधी सांगितले असते काय? औषधाबाबत जी शिस्त आपण कसोशीने पाळतो, ती विहाराबाबत सोडून देतो. या उपकरणाच्या निमित्ताने आम्हाला तेवढीच एक गोष्ट वैद्यवर्गापुढे मांडावयाची आहे.

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर घराघरांत कार्यालये आली. पुढे कार्यालये उघडली, तरी अनेकांचे काम अंशतः घरीच राहिले. जेवणाचे टेबल, पलंगाची कड, मुलांचे अभ्यासाचे मेज, जेथे जागा मिळेल तेथे लॅपटॉप उघडला गेला. पूर्वी कार्यालयात जाण्यायेण्यात, जिने चढण्यात, दुसऱ्या मजल्यावरील सहकाऱ्याकडे जाण्यात जी हालचाल घडे, तीही संपली. अशा घरात संपूर्ण नवे टेबल घेण्यापेक्षा आहे त्याच टेबलावर बसणारे हे उपकरण सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. हाताने उचलावयाच्या प्रकारापेक्षा विजेवरच्या प्रकारात श्रम नाहीत. म्हणून माणूस दिवसातून अधिक वेळा उंची बदलतो. त्याचा खरा गुण एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

आमच्या शास्त्रात या विषयाची बीजे स्पष्ट आहेत. प्रमेहाच्या हेतूंची गणना करताना चरकाचार्यांनी आरंभीच आस्यासुख सांगितले, हे प्रत्येक वैद्यास मुखोद्गत असते. मात्र त्याच संहितेतील सिद्धिस्थानाच्या शेवटच्या अध्यायाकडे आपले तितके लक्ष जात नाही. पंचकर्मानंतर रुग्णाने वर्ज्य करावयाचे जे आठ महादोषकर भाव तेथे सांगितले आहेत, त्यांत अतिचंक्रमण आणि अत्यासन हे दोन्ही आहेत. अति चालल्याने पाय, जंघा, ऊरू, जानू यांना होणारी पीडा आणि अति बसल्याने कटी, पृष्ठ, पार्श्व यांना होणारी पीडा आचार्यांनी वेगवेगळी वर्णिली आहे. सुश्रुताचार्यांनी मन्यास्तंभाच्या हेतूंत आसन, स्थान आणि वर पाहणे यांचा निर्देश केला आहे. ‘स्थान’ म्हणजे उभे राहणे. म्हणजेच बसणे वाईट आणि उभे राहणे चांगले, अशी सोपी विभागणी शास्त्राने केलेली नाही. शास्त्राचा आक्षेप ‘अति’ या शब्दावर आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाचा प्रवासही याच निष्कर्षाकडे झालेला दिसतो. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यांत बसून काम करणाऱ्या शिंपी-चांभारांचे विकार आहेत, तसेच दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या शिरांचे व व्रणांचे विकारही आहेत. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसचालकांची व वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. बसून राहणाऱ्या चालकांत हृद्रोगाचे प्रमाण अधिक आढळले. तथापि तेथील वाहक केवळ उभे नव्हते. दुमजली बसचे जिने ते दिवसभर चढत-उतरत होते, हे विसरता कामा नये. २०२४ साली ब्रिटनमधील ८३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मनगटी यंत्रांवरील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अधिक वेळ उभे राहिल्याने हृद्रोगाचा धोका घटल्याचे दिसले नाही; उलट दिवसाकाठी दोन तासांपलीकडे उभे राहण्याच्या प्रत्येक अर्ध्या तासामागे शिरांचे फुगणे, उभे राहताच रक्तदाब उतरणे इत्यादी रक्ताभिसरणाच्या विकारांचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेला आढळला. दहा तासांहून अधिक बसणेही त्याच अभ्यासात अपायकारक ठरले आहे.

वजन उतरविण्याच्या आशेने हे उपकरण घेणाऱ्यांनाही वेळीच सावध करावे. बसण्यापेक्षा उभे राहण्यात मिनिटाला जेमतेम ०.१५ किलोकॅलरी अधिक खर्च होते, असे २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. म्हणजे सहा तास उभे राहूनही पन्नासच्या आसपास. एका पोळीइतकीही नाही. मेदोरोगाची चिकित्सा म्हणून हे उपकरण सांगणे ही रुग्णाची फसवणूक होय. त्याचा उपयोग बसण्याची सलगता मोडण्यापुरता आहे.

आमचे काही ज्येष्ठ स्नेही म्हणतात, “सकाळी बारा सूर्यनमस्कार घाला; हे परदेशी थेर कशाला?” सूर्यनमस्कारांविषयी आमचे दुमत नाही. परंतु सकाळचा अर्धा तास पुढील नऊ तासांच्या बैठकीची भरपाई करू शकत नाही, आणि ज्या रुग्णाच्या ऑनलाइन बैठका पाठोपाठ चालतात त्यास ‘तासातासाने उठा’ हा सल्ला कागदावरच राहतो. निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा मानावयाची, तर रुग्णाच्या जीवनात ते शक्य होईल असे साधन त्याच्या हाती देणे हेही वैद्याचेच काम आहे.

कोथरूडच्या त्या रुग्णेच्या अनुभवानंतर आम्ही स्वतःच असे उपकरण घरातील लेखनाच्या मेजावर आणले. चार महिन्यांच्या वापरानंतर जे ध्यानात आले, ते येथे नमूद करतो.

प्रथम रुग्णपरीक्षा. ज्याचा कटिशूल बसल्याने वाढतो आणि उठून फिरल्यावर शमतो, त्यास हे साधन उपयुक्त. ज्याच्या वेदना उभे राहिल्याने वा चालल्याने वाढतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर कमी होतात, त्यास ते सांगू नये. त्याच्या मज्जारज्जूमार्गाच्या संकोचाचा विचार आधी करावा. पायांच्या फुगलेल्या शिरा, वातकंटक, जानुसंधिगत वात, गर्भावस्था, उभे राहताच भोवळ येणे, यांची विचारणा केल्यावाचून सल्ला देऊ नये. एकाच पोटरीस अकस्मात सूज, उष्णता व वेदना असतील तर तेल लावण्याच्या भानगडीत न पडता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर मर्दन घातक ठरते.

दुसरी गोष्ट मात्रेची. अहित सवय सोडताना व हित सवय लावताना चरकाचार्यांनी पादांशिक क्रम सांगितला आहे. तोच येथे लावावा. दिवसाकाठी एक तास उभे राहणे हे पहिले उद्दिष्ट मानले, तर प्रारंभी त्याचा चतुर्थांश, म्हणजे पंधरा मिनिटे, तीही दोन वेळांत विभागून. पाय कुरकुरले नाहीत तर काही दिवसांनी अर्धा तास, मग पाऊण तास, मग एक तास. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक स्थिर उभे राहू नये. आमच्या रुग्णेने पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घेतली होती, तीही सहापट.

तिसरी गोष्ट मांडणीची. हे उपकरण खाली असतानाही त्याची स्वतःची काही उंची असतेच. त्यामुळे बसून काम करताना कीबोर्ड पूर्वीपेक्षा वर येतो, खांदे उचलले जातात आणि कटिशूल गेला तरी मन्यास्तंभ दारी येतो. खुर्ची उंच करावी आणि पाय अधांतरी राहू लागल्यास पायांखाली पाट किंवा चौरंग घ्यावा. बसून असो वा उभ्याने, कोपर काटकोनात, मनगट सरळ आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी. ज्यांच्या चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो, ते हनुवटी उचलून पडदा वाचतात. सुश्रुतोक्त ‘वर पाहणे’ ते हेच. त्यांच्यासाठी पडदा आणखी खाली घ्यावा. उपकरणाखालचे टेबल भक्कम असावे. घडीचे टेबल चालत नाही. तारा पुरेशा सैल ठेवाव्यात, अन्यथा उपकरण वर जाताना लॅपटॉप खेचला जातो. जेथे वीज वारंवार जाते तेथे ते अर्ध्यावरच अडकून बसते, हेही लक्षात घ्यावे. घरात लहान मुले असल्यास त्यांची बोटे सांध्यांत सापडणार नाहीत याची दक्षता हवी.

चौथी गोष्ट अनुपानाची. नुसते उभे राहणे हे या उपचाराचे अर्धेच अंग आहे. उंची बदलण्याच्या प्रत्येक वेळी दोन मिनिटे चालावे, टाचा उचलून पोटऱ्या आखडाव्या-सैलावाव्या, मूत्राचा वेग आल्यास बैठकीच्या भिडेने तो धरू नये. थंड फरशीवर अनवाणी उभे न राहता मऊ पादत्राण घालावे. रात्री तिळतेलाने हलका पादाभ्यंग करावा व काही वेळ पाय उशीवर उंच ठेवून पडावे. शिरा फुगलेल्या असल्यास मात्र त्यावर रगडू नये.

पाचवी गोष्ट पुनःपरीक्षेची. पहिल्या महिन्यात आम्ही उत्साहाने वर-खाली केले. दुसऱ्या महिन्यात ते उपकरण खालीच राहू लागले, आणि त्यावर पुस्तके साचली. पुढे दूरध्वनी आला की उभे राहावयाचे, असा नेम स्वतःस घालून घेतल्यावर वापर टिकला. कार्यालयांतील प्रयोगांच्या २०१८ च्या एका पद्धतशीर आढाव्यातही अशा मेजांमुळे कामाच्या दिवशी बसण्याचा वेळ सरासरी शंभर मिनिटांनी घटल्याचे दिसते, पण ते अल्पकाळच्या निरीक्षणात. म्हणून महिन्याने रुग्णास विचारावे: उपकरण वापरता, की नुसते बाळगता?

आता औषधालयचालक बंधुभगिनींना दोन शब्द. गेल्या हिवाळ्यात एक विक्रेते आमच्याकडे आले होते. अशी उपकरणे वेदनाहर तेलासोबत औषधालयात ठेवावयाची, वैद्यांनी चिठ्ठी द्यावयाची, प्रत्येक चिठ्ठीमागे कमिशन, आणि खोक्यावर ‘आयुर्वेदसंमत’ ही अक्षरे, अशी त्यांची योजना होती. आम्ही नकार दिला. एखादे लोखंडी यंत्र शास्त्रसंमत वा शास्त्रविरोधी नसते. त्याचा वापर तसा असतो. आज खोक्यावर शास्त्राचे नाव घातले, तर उद्या त्याच खोक्यामुळे ज्याच्या पायांस सूज येईल तो शास्त्रालाच बोल लावील, आणि त्याचे चुकणार नाही.

याहून महत्त्वाचे दुसरे. घरबसल्या काम करणारा सुखवस्तू मनुष्य उभे राहण्यासाठी हजारो रुपये मोजत असताना, आपल्याच औषधालयात पुड्या बांधणारी मुलगी सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभी असते. तिला बसावयास काय आहे? १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. केरळने २०१८ मध्ये व तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय कायद्याने दिली. आम्हाला कायद्याची वाट कशाला हवी? अतिस्थानाचे दुष्परिणाम आपण विद्यार्थिदशेतच शिकलो आहोत. गल्ल्यामागे एक स्टूल ठेवण्यास खर्च तो किती!

त्या रुग्णेचे सांगावयाचे राहिले. त्यांना आम्ही आमची चूक मोकळेपणी सांगितली, शिरांच्या तपासणीसाठी शल्यचिकित्सकांकडे पाठविले, आणि उपकरण टाकून न देता पंधरा मिनिटांपासून पुन्हा आरंभ करविला. सूज उतरली. शिरा मात्र राहिल्या आहेत आणि त्यांच्यासाठी त्यांना यापुढे दक्षता घ्यावीच लागेल. कटिशूलाचे आवर्तन गेल्या पाच महिन्यांत एकदाच झाले. त्या दिवसापासून आमच्या रुग्णपत्रकावर ‘औषध’ या रकान्याखाली ‘विहार’ हा आणखी एक रकाना आम्ही छापून घेतला असून त्यात मात्रा, काल व पुनःपरीक्षेची तारीख लिहिल्यावाचून चिठ्ठी रुग्णाच्या हाती देत नाही. वैद्यबंधुभगिनींनीही तसे करून पाहावे, एवढीच विनंती.