कोरडं करा, मगच तेल लावा

श्रावणात माहेरी चार दिवस राहून आले आणि पाहते तो सासूबाईंची विळी तांबूस! निघताना मी आठवणीनं तिला तेलाचा हात फिरवला होता, तरीही. त्यांच्या आईनं दिलेली विळी ती. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चूक माझीच, मैत्रिणींनो. गडबडीत ओल्या पात्यालाच तेल लावलं होतं. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही लागतात, हे शाळेत मुलींना मीच शिकवते! तेलाचा थर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. पण आधीच राहिलेलं पाणी मात्र तो आतच कोंडून ठेवतो. म्हणून आधी फडक्यानं पुसा, उन्हात किंवा शेगडीशेजारी खडखडीत वाळवा, मगच तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. हा थर पुसला जातो, तेव्हा दर धुण्यानंतर पुन्हा लावायचा.

लोखंडी तव्याचं थोडं वेगळं. तेल लावून धूर येईपर्यंत तापवलं, की त्याचा कडक, काळा थर बनतो. तो नुसत्या पाण्यानं जात नाही. जाड थापाल तर चिकट होईल. आणि त्या कढईत चिंच-कोकमाची आमटी उकळू नका हं, आंबटानं थर निघतो.

शिवणयंत्राला मात्र मशीनचंच तेल. खाण्याचं तेल पुढे चिकट होतं.

विळी चिंचेनं घासून लख्ख केली. पात्यावर दोन बारीक खड्डे राहिलेच. काल सासूबाईंनी तिच्यावरच भोपळा चिरला.