कात ओढू नये

गेल्या जानेवारीत माझ्या भाच्याने कॅनडातील विनिपेग शहरातून एक छायाचित्र पाठविले. त्याने पाळलेल्या सापाचे ते छायाचित्र होते. सापाच्या अंगावर जुन्या कातीच्या पांढुरक्या चिंध्या चिकटलेल्या होत्या. शेपटीच्या टोकाशी तिचे एक घट्ट कडे उरले होते आणि डाव्या डोळ्यावर फुटक्या काचेसारखे काहीतरी दिसत होते. खाली प्रश्न होता : "मामा, उजव्या डोळ्यावरची चिमट्याने काढली. डावीही काढू का?"

मी त्याला लगेच कळविले की, चिमटा खाली ठेव आणि सापाला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे ने. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कारण तो दुष्टपणाने विचारलेला नव्हता. मुलाला सापाची कणव आली होती आणि त्या कणवेपोटीच त्याने हातात चिमटा घेतला होता. अडलेल्या प्राण्याला हाताने मदत करावी असे आपल्याला फार लवकर वाटते. निदान सापाच्या कातीच्या बाबतीत तरी ही घाई घातक आहे असे माझे मत आहे आणि ते मी का मांडतो आहे हे समजण्यासाठी कात म्हणजे काय ते आधी पाहावे लागेल.

शेताच्या बांधावर किंवा दगडाच्या फटीत सापडलेली कात तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कोणी ती वहीत दाबून ठेवतो, कोणी भीतीने काठीने दूर सारतो. ती हातात घेऊन नीट पाहिली तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे ती आतली बाजू बाहेर आलेली, म्हणजे उलटी असते. पायातून मोजा उलटा काढावा, तशी. साप ओठांच्या कडांवरची कात दगडावर किंवा काटक्यांवर घासून सोडवतो, ती कोठेतरी अडकवतो आणि मग तिच्यातून पुढे सरपटत जातो. म्हणूनच जमिनीवर लांब पसरलेल्या कातीचे शेपटीचे टोक ज्या दिशेला असते, त्या दिशेला साप गेलेला असतो. पुष्कळांना हे उलट वाटते. चित्र काढून पाहा, म्हणजे पटेल. दुसरी गोष्ट म्हणजे डोक्याच्या भागात डोळ्यांच्या जागी भोके नसतात. तेथे दोन स्वच्छ, वाटोळ्या, काचेसारख्या टोप्या असतात.

सापाला पापण्या मिटता येत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे. अंड्यात पिलाची वाढ होत असताना पापण्या एकमेकींना जुळून त्यांचा एक पारदर्शक पडदा बनतो. हा पडदा म्हणजे एक खवलाच होय आणि इतर खवल्यांप्रमाणे त्याचाही बाहेरचा थर प्रत्येक कातीबरोबर निघून जातो. त्याच्या खाली नवा पारदर्शक थर तयार असतो आणि त्याच्याही खाली खरा डोळा.

आता कातीच्या आत काय घडते ते पाहू. सापाच्या बाह्यत्वचेचा वरचा थर केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. आपली नखे आणि केसही केराटिनचेच. हा थर मृत असतो, वाढत नाही, आणि तो झिजतो. ठरावीक काळाने त्याच्या खाली त्वचेची दुसरी, पूर्ण पिढी तयार होऊ लागते. खवल्यांसह सर्व काही नवे. ती तयार झाली की जुन्या आणि नव्या पिढीच्या मधल्या पेशी वितंचकांच्या क्रियेने विरघळू लागतात आणि त्या फटीत द्रव झिरपतो. या द्रवामुळे सापाचा रंग मंदावतो आणि डोळे दुधाळ निळसर दिसू लागतात. या दिवसांत सापाला धड दिसत नाही. तो लपून बसतो, बहुधा खात नाही आणि डिवचले तर चटकन चिडतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. जाणकार नसलेल्या माणसाला वाटते, साप बरा झाला. प्रत्यक्षात कात निघण्याची वेळ आता जवळ आलेली असते.

या साऱ्या व्यवहारात कळीचा मुद्दा पाण्याचा आहे. मधल्या फटीतला द्रव हे जणू दोन कातड्यांमधले वंगणच. हवा फार कोरडी असेल किंवा सापाच्या शरीरातच पाणी कमी असेल, तर जुना थर सुकून आक्रसतो आणि नव्याला घट्ट चिकटून राहतो. मग कात सलग न निघता तिचे तुकडे पडतात. अंगावरील जुन्या जखमांचे व्रण, गोचिडीसारखे बारीक परजीवी, उपासमार, अपुरी ऊब, घासायला खरखरीत वस्तू नसणे ही कारणेही असतात. परंतु पाळलेल्या सापाची कात अडली की पहिला संशय कोरड्या हवेवर घ्यावा.

भाच्याच्या घरी हेच घडले होते. त्याचा साप म्हणजे 'बॉल पायथन'. शास्त्रीय नाव पायथन रेजियस. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतील देशांत आणि तेथून पूर्वेकडे मध्य आफ्रिकेत आढळणारा हा लहान अजगर. लांबी साधारण एक ते दीड मीटर. भ्याला की अंगाचा चेंडू करतो म्हणून हे नाव. बेनिनमधील विदा या गावी या अजगराचे मंदिर आहे आणि तेथील लोक त्याला मारत नाहीत. आपल्या नागपंचमीची आठवण व्हावी असाच हा प्रकार! तो दिवसा उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. बाहेर ऊन तापले तरी बिळाच्या आतली हवा दमट असते. हा साप बिळातून उचलून विनिपेगच्या घरात ठेवला तर काय होईल?

येथे थोडे गणित करू. शून्य अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४.८ ग्रॅम बाष्प मावते. वीस अंशांच्या हवेत सुमारे १७.३ ग्रॅम आणि तीस अंशांच्या हवेत सुमारे ३०.४ ग्रॅम. आता बाहेरची शून्य अंशाची बाष्पाने पूर्ण भरलेली हवा घरात आली आणि वीस अंशांपर्यंत तापली. बाष्प तेवढेच राहिले, पण मावण्याची जागा वाढली. सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून सुमारे २८ टक्क्यांवर आली. सापाच्या पेटीवर दिवा लावून तीच हवा तीस अंशांपर्यंत तापविली की उरतात सुमारे १६ टक्के. विनिपेगच्या हिवाळ्यात बाहेरचे तापमान उणे वीस अंशांपर्यंत सहज जाते. त्या हवेत घनमीटरला सुमारे एक ग्रॅमच बाष्प मावते. तेव्हा पेटीत किती आर्द्रता उरेल याचा हिशेब तुम्हीच करा. बॉल पायथनला एरवी ५५ ते ६५ टक्के आणि कात टाकताना त्याहून थोडी अधिक आर्द्रता मानवते. म्हणजे भाच्याने त्याला ऊब दिली आणि ती देता देता त्याच्याभोवतीची हवा पार कोरडी करून ठेवली. दोष सापात नव्हता. पेटीत एक आर्द्रतामापक असता तर हे आठवडाभर आधीच कळले असते. भाच्याकडे चिमटा होता, आर्द्रतामापक नव्हता.

ओढण्याने नेमके काय बिघडते? सुकलेला जुना थर खालच्या नव्या थराला चिकटलेला असतो. तो जोराने ओढला तर नवे, अजून नाजूक असलेले खवलेही सोलवटतात आणि तेथे जंतुसंसर्गाला वाट मिळते. डोळ्यावरची गोष्ट त्याहून गंभीर. चिमट्याच्या टोकाला जुनी टोपी कोठे संपते आणि नवी कोठे सुरू होते हे आपल्या डोळ्यांना दिसत नाही. नवा पडदाही ओढला गेला तर खालचे नेत्रपटल उघडे पडते. त्याला झाकायला पापणी नाही. ते कोरडे पडते, सडते आणि डोळा जातो. शिवाय कित्येकदा वर अडकलेली टोपी नसतेच; नुसता ओरखडा किंवा सुरकुती असते आणि माणूस चांगल्या पडद्यालाच सोलू पाहतो.

यावर कोणी म्हणेल, मग नुसते पाहात बसायचे काय? मुळीच नाही. शेपटीवरचे कडे तसेच सोडून देणे हाही निष्काळजीपणाच आहे. ते सुकून आवळत जाते, टोकाचा रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळे पडून गळते. मदत करायची, पण पाण्याच्या मार्गाने. साप सहज डोके वर काढू शकेल इतक्याच उथळ, कोमट पाण्यात त्याला अर्धा तास ठेवावे. कोमट म्हणजे आपल्या हाताला जेमतेम ऊब जाणवेल इतकेच. सापाला पोळलेले लवकर कळत नाही आणि भाजण्याचा धोका असतो. साप पाण्यात असताना उठून जाऊ नये. याहून सोपा उपाय म्हणजे एका झाकणाच्या डब्याला सापाला आत जाण्यापुरते भोक पाडून त्यात ओलसर शेवाळ किंवा ओले फडके घालून तो पेटीत ठेवणे. साप आपणहून आत जाऊन बसतो. मग ओलसर खरखरीत पंचा हातात सैल धरून सापाला त्यातून त्याच्या गतीने सरपटू द्यावे. जे सुटायचे ते पंचात राहते. जे राहिले त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच. डोळ्यावरच्या टोपीला घरी हात लावू नये. आर्द्रता सुधारली की ती बहुधा पुढच्या कातीबरोबर निघते. न निघाली तर ते काम प्राण्यांच्या डॉक्टरांचे.

भाच्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवर खोबरेल तेल लावायला सांगितले होते. आपल्याकडे तेलाला फारच मान आहे! पण येथे उणीव पाण्याची आहे, आणि तेलात पाणी नसते. कातीला ओलावा मिळायचा तर तो पाण्यातून किंवा हवेतूनच मिळाला पाहिजे.

हे सारे दूरदेशीच्या श्रीमंती छंदाबद्दल आहे, आपल्याला त्याचे काय, असेही कोणाच्या मनात येईल. आपल्याकडील नाग, धामण किंवा अजगर घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हाच आहे. परदेशी सापांचीही आपल्याकडील हौस वाढल्यामुळे, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना २०२२ सालच्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन घातले. माझे स्पष्ट मत असे की, ज्याला सापाच्या बिळातली हवा घरात निर्माण करता येत नाही त्याने तो पाळू नये. आणि ज्याला ती करता येते त्यालाही मी एकदा विचारीन की, हे कशासाठी? पण आधीच घरात आलेल्या सापाचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो साप पुढे वीस-तीस वर्षे जगू शकतो.

शिवाय साप आपल्या हाती इतरही वाटांनी येतो. घरात निघालेला नाग पकडून कोरड्या प्लास्टिकच्या बरणीत घालतात, वनखात्याची माणसे येईपर्यंत किंवा शाळेत दाखवायला म्हणून दोन-चार दिवस ठेवतात. पूर्वी गारुडी नागपंचमीआधी नागाला तहानलेला ठेवीत, म्हणजे तो समोर येईल ते दूधही पिई. अशा नागाच्या अंगावर जुन्या कातीची ठिगळे राहिली तर नवल काय? पकडलेल्या सापाचे डोळे दुधाळ दिसले की लोक म्हणतात, आंधळा आहे, म्हातारा आहे, आजारी आहे. आणि त्याला पाहायला गर्दी करतात. वास्तविक त्या वेळी त्याला अंधार, ओलावा आणि एकांत हवा असतो. सर्पमित्राने तो वेळ न दवडता वनखात्याच्या परवानगीने जवळच्या योग्य जागी सोडावा. बाकीचे त्याचे तो पाहील.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात साप आणण्याचा मोह सोडा आणि सापडलेली कात आणा. ती कोमट पाण्यात भिजवून हलकेच पसरता येते. पोटाखालचे रुंद खवले मोजता येतात, पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी मोजता येतात, आणि भिंगातून डोळ्यांच्या दोन टोप्या पाहता येतात. भिजवलेली कात प्रत्यक्ष सापापेक्षा लांब का भरते, हा प्रश्नही मुलांना घाला. एरवी घडीत दडलेले खवल्यांमधले कातडेही तीत ताणलेले असते. काम झाल्यावर मात्र हात साबणाने धुवायला लावा.

भाच्याने पेटीत आर्द्रतामापक बसविला आणि दिव्याखालच्या कोपऱ्यात ओल्या शेवाळाचा डबा ठेवला. मार्चमध्ये सापाने पुढची कात टाकली. ती त्याने मला छायाचित्रात दाखविली, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध. डाव्या डोळ्याच्या जागी दोन टोप्या एकमेकींवर बसलेल्या होत्या, जानेवारीतली आणि मार्चमधली. उजवा डोळा डॉक्टरांना वाचविता आला नव्हता. साप जिवंत आहे. ओठांवरील खाचांतून त्याला उंदराच्या अंगची ऊब जाणवते, जिभेने वासही कळतो, त्यामुळे त्याचे खाणे चालू आहे. भाचा मात्र त्याला आता नेहमी डाव्या बाजूनेच हात लावतो. उजवीकडून हात गेला की तो दचकतो, असे त्याने लिहिले आहे.