डायरेक्ट जोडणीचा हट्ट सोडा

जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या बोरीत जुन्या जीपा आणि ट्रॅक्टर अजून राबतात. त्यांना जादा हॅलोजन किंवा दुसरा हॉर्न बसवायचा म्हटला की ठरलेला सल्ला मिळतो: 'रिले कशाला? स्विचवरून डायरेक्ट घ्या.' कंपनीने गाडी रिलेशिवायच दिली आणि ती पंचवीस वर्षं चालली, हे त्याचं पहिलं कारण. दुसरं, रिले म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू.

पहिलं कारण टिकत नाही. कंपनीचं वायरिंग कंपनीच्या दिव्यांपुरतं होतं. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. त्याच स्विचवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन चढवले की आणखी ९. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. असा स्विच उघडून पाहा: प्लास्टिक तपकिरी पडलेलं, पितळी पत्ती काळवंडलेली, वायरचं वेष्टण बोटाने दाबताच तडकणारं. शिवाय जुन्या वायरीत दीड व्होल्ट वाटेतच गेला, तर हॅलोजनचा उजेड एक-तृतीयांशाहून जास्त घटतो. मग लोक १०० वॅटचा बल्ब घालतात आणि स्विच आणखी भाजतो.

खरं तर हे शेतकऱ्याला सांगावं लागू नये. विहिरीवरच्या मोटारीचा करंट कुणी हिरव्या बटणातून नेतो का? बटण फक्त स्टार्टरमधली कॉइल ओढतं, भार कॉन्टॅक्ट पेलतात. रिले नेमकं हेच करतो. त्याच्या कॉइलला जेमतेम ०.२ अँपिअर लागतो. स्विचवर तेवढाच भार.

रिले बिघडतो, हे मात्र खरं. पण तो सॉकेटमधून उपटून दुसरा खोचता येतो, हॉर्नचाही चालतो. जळलेला स्विच आणि वितळलेली वायर रात्री रस्त्यात बदलता येत नाही.

पण नुसता रिले ठोकून भागत नाही, आणि इथे आमच्याच बाजूचे लोक चुकतात. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. त्याच्या अलीकडे वायर घासून बॉडीला टेकली, तर आग रोखणारं काही उरत नाही. दोन हॅलोजनना १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. फ्यूजमधून आलेली वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, दिवे ८७ला, स्विच ८६ला, ८५ अर्थला. अर्थची जागा रंग खरवडून, पत्रा चकचकीत करून घ्या. अर्धी तक्रार तिथेच मिटते. फ्यूज उडाला म्हणून जागी तार गुंडाळणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

एलईडीचा छोटा दिवा असेल तर करंट कमी. तिथे चांगला स्विच आणि फ्यूज पुरे, रिलेचा आग्रह नाही. हॅलोजन आणि जोड हॉर्न यांना मात्र तो लावाच: सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर, पिना खाली करून, म्हणजे पावसाचं पाणी सॉकेटमध्ये साचणार नाही.