किंडर स्काउटचा ट्रेक आणि हुकलेलं मत

मँचेस्टरला शिकायला गेलेला मराठी विद्यार्थी पहिल्या महिन्यात बँकेत खातं उघडतो, सिमकार्ड घेतो, तूरडाळ कुठं मिळते ते शोधतो आणि शनिवार-रविवारी कुठला डोंगर चढता येईल याची चौकशी करतो. मतदारयादीत नाव घालणं मात्र राहून जातं. हा हक्क आपल्यालाही आहे, हे अनेकांच्या कानावरच आलेलं नसतं.

ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना स्थानिक काउन्सिलच्या आणि संसदेच्या, दोन्ही निवडणुकांत मत देता येतं. विद्यार्थी व्हिसावर आलेला भारतीयही त्यात येतो. मतदान गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. केंद्र एखाद्या शाळेत, नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये. ओळख पटवायला भारतीय पासपोर्ट चालतो. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. कागदी मतपत्रिका, बहुधा दोरीनं बांधलेली पेन्सिल, आणि आपल्या उमेदवारापुढं फुली.

‘चार दिवसांचे पाहुणे, आपल्याला काय करायचंय?’ हा युक्तिवाद नेहमीचा. पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्सही माफ असतो. पण तो ज्या बसनं विद्यापीठात जातो, ती बस राजकारणातूनच आली आहे. १९८६ पासून तिथल्या बससेवेचे मार्ग आणि भाडी खासगी कंपन्या ठरवत. महापौर अँडी बर्नहॅम यांच्या काळात, सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ दरम्यान, ती टप्प्याटप्प्यानं पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आली. पाच-सहा मित्र मिळून राहतात त्या घराला परवाना देणारीही काउन्सिलच. भिंतीला बुरशी धरली तर तक्रार तिथंच करायची.

आणि तो डोंगर? पिकाडिली स्टेशनहून गाडी पकडून पाऊण तासात एडेल. गावातून बाहेर पडलं की दगडी कुंपणं, पायवाटेच्या पाट्या, फाटकं; वर ६३६ मीटरचं किंडर स्काउट, बुटाला चिकटणारी काळी दलदल. सिंहगड-राजगड पायाखाली घातलेल्या पोरांना चढ फार वाटत नाही. ही वाट मोकळी कशी झाली, हे मात्र त्यांना कुणी तरी सांगायला हवं.

१९३२ साली हे माळरान ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. २४ एप्रिलला गिरणीशहरांतले शेकडो तरुण कामगार हेफील्ड गावाकडून बंदी मोडून वर चढले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन जेमतेम वीस वर्षांचा. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्या शिक्षांनीच लोकमत पेटलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. मोकळ्या माळरानावर भटकण्याचा हक्क कायद्यानं मिळायला मात्र २००० साल उजाडावं लागलं. २००२ मध्ये तत्कालीन ड्यूक ऑफ डेव्हनशायरनी, म्हणजे त्या वेळच्या जमीनमालकाच्या नातवानं, जाहीर माफी मागितली.

रविवारची भटकंती आणि गुरुवारचं मतदान वेगळं काढता येत नाही, ते यामुळे. आणि आपल्या एका मतानं काय होणार, असं वाटत असेल तर आठवा: १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून आपले दादाभाई नौरोजी संसदेवर गेले, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्यानं. वॉर्डाच्या निवडणुकीत तर विद्यार्थ्यांची एक गल्लीही निकाल फिरवू शकते.

तेव्हा पुढच्या ट्रेकचं तिकीट काढण्याआधी नाव नोंदवा. नोंदणी ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत, आणि मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधी मुदत संपते.