काजवे बघायला हॅलोजन कशाला?

गेल्या जूनमध्ये, पाऊस धरायच्या आधी, सात वर्षांच्या भाचीला काजवे दाखवायला मी पनवेलजवळच्या एका कॅम्पवर घेऊन गेले. जाहिरातीत ‘फॅमिली फ्रेंडली’ असं ठळक लिहिलं होतं. त्याचा अर्थ तिथे पोचल्यावर कळला: झाडांना बांधलेले हॅलोजन, दोन मोठे स्पीकर, अनलिमिटेड बार्बेक्यू आणि साडेअकरापर्यंत वरातीतली गाणी.

“आत्या, काजवे कुठेत?” भाचीने तीनदा विचारलं. शेवटी मी संयोजकाला निदान दिवे तरी बंद करा म्हटलं. तो म्हणाला, “ताई, फॅमिली क्राउड आहे. मुलं अंधाराला घाबरतात.”

माझं भांडण या वाक्याशी आहे.

काजवा आपल्या करमणुकीसाठी चमकत नाही. नर उडता उडता इशारा देतो, मादी झुडपातून उत्तर देते, तेव्हा त्यांची जोडी जमते. हॅलोजनच्या झोतात हे इशारे एकमेकांना दिसतच नाहीत. म्हणजे जे दाखवायचे पैसे घेतले, तेच हे दिवे संपवतात. स्पीकरचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ते लावायला बंदी आहे. जंगलात पोलीस नसतात म्हणून नियम बदलत नाही. शेजारच्या वाडीतही फॅमिलीच राहतात, त्यांना पहाटे उठून कामाला जायचं असतं.

“लोकांना हेच हवं असतं, आणि स्थानिकांना रोजगार मिळतो,” असं उत्तर येईल. रोजगार मिळायलाच हवा. पण प्रबळमाचीवरची ठाकर कुटुंबं पाहुण्यांना तंबू देतात, घरचं जेवण वाढतात, कलावंतीणची वाट दाखवतात. त्या कमाईला डीजे लागत नाही. लोकांना काय हवं, हे तर आपणच ठरवतो. लोक म्हणजे आपणच.

पनवेल-खारघरच्या मुलांना उजेडाची कमतरता नाही. हायवे आहे, मॉल आहेत, आता विमानतळही आलाय. आणि जंगल किती उरलंय? अख्खं कर्नाळा अभयारण्य साधारण १२ चौरस किलोमीटरचं. या मुलांना खरा अंधार एक रात्र तरी मिळावा, हे मागणं जास्त आहे का?

त्या रात्री बाराच्या सुमाराला जनरेटर बंद झाला. भाचीने माझा हात घट्ट धरला, पाचेक मिनिटं घाबरली. मग नाल्याकडचं एक झाड लुकलुकायला लागलं आणि ती मोजायला लागली. सत्तावीसपर्यंत मोजलं, मग आकडा चुकला. बाकीची मुलं तोवर झोपून गेली होती.

म्हणून पुढचं बुकिंग करताना मेन्यू विचारू नका. एवढंच विचारा: दिवे किती वाजता बंद करता? उत्तर आलं नाही, तर पैसे भरू नका.