प्रश्न विचारणारी श्रद्धा

पावसाळ्यात कणकुंबीकडे येणारी गाडी धुक्यातून सावकाश चालते, त्यामुळे गप्पांना वेळ मिळतो. परवा शेजारी माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. ख्रिस्ती घरातला. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘‘सर, चर्चमध्ये बसलो की मनात शंका येतात. बाबा म्हणतात, तुझा विश्वास उणा झालाय. खरं आहे का हो?’’

मी त्याला आपल्या बेळगावच्याच माणसाची गोष्ट सांगितली. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती धर्माची ओढ लागली, तरी लगेच उडी घेतली नाही. ग्रंथ वाचले, वाद घातले, जातिभेद न मानणाऱ्या परमहंस मंडळीतही वावरले. घरच्यांचा विरोध समोर होताच. अखेर १८५४ साली बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. विधवांची दुःखे सांगणारे ‘यमुनापर्यटन’ त्यांनी १८५७ मध्ये लिहिले.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या भगिनींचे सगळे म्हणणे मान्य केले नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या पत्रांतून हुज्जत घालीत राहिल्या. धर्म स्वीकारला, सदसद्विवेकबुद्धी मात्र कुणाच्या हवाली केली नाही.

इंग्रज गणिती क्लिफर्ड यांनी १८७७ साली एक दाखला दिला होता. जहाज जुने झाल्याची शंका मालकाला येते. तो ती मनातच दाबतो आणि माणसे भरून जहाज पाठवतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतात, त्याचा विश्वास मनापासूनचा असला तरी तो दोषीच, कारण तसा विश्वास ठेवायचा हक्क त्याने मिळवलाच नव्हता. अमेरिकेचे विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये उत्तर दिले : काही प्रश्नांत पुरावा पुरा पडत नाही आणि निर्णय तर टाळता येत नाही, तिथे श्रद्धेला जागा आहे.

मला दोघांचेही पटते. शोधून झाल्यावर उरते ती श्रद्धा. शोधायचा कंटाळा म्हणून ठेवतो तो आळस.

माझे व्याख्यान संपल्यावर पोरगा हळूच म्हणाला, ‘‘सर, तुम्ही माउलीला नारळ ठेवता. तुम्ही कधी शोधलंत?’’

वाचकहो, गाडी कणकुंबीत थांबली तरी मला उत्तर सापडले नव्हते. मलप्रभा जिथे उगम पावते, त्या देवळापाशी मी नारळ घेऊन जरा जास्तच वेळ उभा राहिलो.